लागेल हं, लागेल

एक चष्मा. उजवी काडी दोऱ्याने बांधलेली.

दुसऱ्या शहरात दोन मजल्यांच्या मध्ये थांबलेली लिफ्ट, आणि तिच्या टपावर बसून केळं खाणारा माणूस.

एक जुनं गाणं, ज्याच्या सुरुवातीला कोणीतरी शीळ घालतं.

तळमजल्यावरचं रिकामं घर. घरमालक म्हणतो, संध्याकाळपर्यंत थांबतो, पुढचं आपण सांगत नाही.

भूल देणारे डॉक्टर, पायात नवे बूट, चावणारे.

स्पीकरमागे ठेवलेली पाण्याची बाटली. तिला कोणी हात लावत नाही, तरी पाणी आतल्या आत थरथरतंय.

आणि एक शब्द, जो या टेबलापाशी कधीच कोणी उच्चारत नाही.

हे सगळं एका दुपारी एका हॉलमध्ये कसं गोळा झालं ते सांगायचं तर टेबलापासूनच सुरुवात करायला हवी. टेबल घडीचं, एक पाय आखूड, त्याखाली पुठ्ठा. मागे सूनबाई उभी: हेडफोन एका कानावर, दुसरा कान उघडा, बोटं कॉन्सोलवर. पुढे सासूबाई, खुर्चीत उशी घेऊन बसलेल्या. गाणी वाजवायची सूनबाईने, माणसं सांभाळायची सासूबाईंनी.

धंदा खरं म्हणजे नवऱ्याचा. त्यानेच सुरू केला, स्पीकर घेतले, गाडी घेतली. मग दुसऱ्या शहरात लिफ्ट दुरुस्तीची पक्की नोकरी लागली तसा तो गेला. तारखा आधीच ठरलेल्या होत्या, लोकांना तोंड काय दाखवायचं, म्हणून चार दिवसांपुरती सूनबाई कॉन्सोलमागे उभी राहिली ती उभीच राहिली. सासूबाई आल्या त्या घरी एकटीला बसवेना म्हणून. पहिल्या कार्यक्रमाला त्या नुसत्या बसल्या होत्या, पण लोक त्यांनाच येऊन गाणी सांगायला लागले. शांत बसलेली बाई दिसली की लोकांना ती चौकशीची खिडकी वाटते.

आता फर्माईश म्हणजे काय, हे ज्याने कधी टेबलामागे उभं राहून पाहिलं नाही त्याला कळायचं नाही. पाहुण्याला वाटतं आपण एक गाणं मागतोय. खरं तर तो सगळा हॉल थोडा वेळ आपल्या नावावर मागत असतो. नाचणाऱ्यांचा जेमतेम घाम निघालेला, पाय ठेक्याला लागलेले, आणि हा येऊन म्हणतो, आमच्या कॉलेजचं गीत आहे का? नाही म्हणालात की तो टेबलाला चिकटला. का नाही? इंटरनेट नाही का? माझ्या फोनवर आहे, वायर लावा ना. हो म्हणालात की तो खूश होऊन निघून जातो, आणि अर्ध्या वेळा विसरूनही जातो.

म्हणून टेबलाचा नियम सूनबाईनेच घालून दिला: नाही म्हणायचं नाही.

आणि स्पीकरसमोर हाक मारून उपयोग नसतो, म्हणून खुणाही तिनेच ठरवल्या. सासूबाईंचा चष्मा कपाळावर गेला, की आत्ता लाव. चष्मा नाकावर आणि मान तिरकी, जमेल तेव्हा लाव. आणि चष्मा काढून कुडत्याच्या टोकाने पुसायला लागल्या, की वेळ मारून नेलीय, कधीच लावू नकोस.

तिसरी खूण सगळ्यात सुंदर. म्हातारी बाई चष्मा पुसते, वर बघून म्हणते, "लागेल हं बाळा, लागेल." मागणाऱ्याला वाटतं, आपल्याला नीट बघण्यासाठीच पुसतेय.

*

"काहीतरी चांगलं लावा ना आजी."

"म्हणजे आत्तापर्यंत वाईट लागलं?"

"तसं नव्हे हो..."

"चांगलं बरणीत काढून ठेवलंय. लागेल हं." (नाकावर.)

"आजी, ते, डॅ डॅ डॅडॅ, डॅ डॅ... शब्द आठवत नाहीत."

"चाल तरी कुठे आठवतेय तुला?" (कपाळावर. सासूबाईंनी ओळखलं होतं.)

"हेच परत पहिल्यापासून लावा, मी बाथरूमला गेलो होतो."

"तुझ्यासाठी सगळा हॉल थांबवून ठेवायचा होता का?" (पुसताहेत.)

हॉल दवाखान्यातल्या लोकांनी घेतला होता. मोठ्या सिस्टर निवृत्त होत होत्या. मोठ्या म्हणजे हुद्द्याने. उंचीने त्या केकच्या टेबलाएवढ्याच. दवाखान्याच्या स्वागतकक्षात बसणारी मुलगी सगळं बघत होती, आणि सकाळी वायरी पसरतानाच तिने सूनबाईला बजावलं होतं, "संथ गाणं एकही नको. ही माणसं दिवसभर उभी असतात. एकदा बसली ना, की उठायची नाहीत. मी ओळखते."

फोन थरथरला. खिशात, मांडीला लागून. सूनबाईने गाणं पुढच्या गाण्यात मिसळलं, खाली वाकली, स्पीकरच्या आडोशाला गेली.

"बोललीस का आईशी?" नवरा. मागे लोखंडावर लोखंड आपटल्याचा आवाज.

"अरे कार्यक्रम चालू आहे."

"तो कधी नसतो? घरमालक आज संध्याकाळचं म्हणतोय. मी किती दिवस गोडीगुलाबीने—"

"बोलते ना. बोलते."

"आई जाऊ म्हणते का?"

"जाऊच म्हणतात. दर वेळी जाऊच म्हणतात."

"मग अडलंय कुठे?"

"ठेवते, गाणं संपतंय."

गाणं संपत नव्हतं. पण तिला फोन धरवत नव्हता. त्या दिवशी तिला काहीच धरवत नव्हतं. सकाळपासून ती एकच वायर पुन्हा पुन्हा गुंडाळत होती, पाण्याचं झाकण उघडून परत लावत होती. जायचं म्हणजे गाडी विकायची, स्पीकर विकायचे, तारखा दुसऱ्यांना द्यायच्या. न जायचं म्हणजे नवरा दूरच. वर्षभर तो दूर होता आणि वर्षभर ती म्हणत होती, आईंचं ठरू दे. आई म्हणत होत्या, जाऊ की. आणि घोडं तिथेच पेंड खात होतं.

आज संध्याकाळी ते घर जाणार होतं. त्याच्यामागे कदाचित नवराही. त्याने तसं म्हटलं नव्हतं. पण हल्ली तो फोनवर आधी 'जेवलीस का' विचारत नसे.

*

भूल देणारे डॉक्टर पहिल्यांदा आले तेव्हा हातात सरबताचा ग्लास होता.

"आजी, एक जुनं गाणं आहे. सुरुवातीला शीळ वाजते. असेल का?"

सूनबाईने ओठांवरून ओळखलं. ते गाणं होतं. संथ, अगदी संथ. लावलं असतं तर नाचणाऱ्यांची पांगापांग झाली असती. सासूबाईंनी मागे पाहिलं, सूनबाईने भुवई हलवली. चष्मा खाली आला, कुडत्याचं टोक वर आलं.

"लागेल हं, लागेल."

डॉक्टर गेले. भिंतीला टेकून उभे राहिले, एका पायावर, मग दुसऱ्या. बूट चावत असावेत. त्यांची नजर मोठ्या सिस्टरांवर. सिस्टर मध्यभागी, भोवती मुली, टाळ्या.

दुसऱ्यांदा आले. "आजी, ते शीळवालं..."

"तुमचंच येतंय." (पुसताहेत.)

तिसऱ्यांदा आले तेव्हा ग्लास नव्हता. भांग पाडलेला होता. "घाई नाही. पण त्या जायच्या आत लागलं तर बरं."

"अहो लागेल, तुम्ही भूल देता तशी मी देत नाही," सासूबाई म्हणाल्या, आणि डॉक्टर मनापासून हसले. सासूबाईही हसल्या. काच पुसून पुसून लखलखीत झाली होती.

सूनबाईने एकावर एक तीन जलद गाणी घातली. मुद्दाम. हॉल उसळला. स्वागतकक्षातल्या मुलीने दुरून अंगठा दाखवला. बाटलीतलं पाणी उड्या मारायला लागलं. फोन परत थरथरला. तिने खिशावरूनच दाबून बंद केला. परत थरथरला. परत दाबला. कुठून तरी केकचा वास, कुणाचा तरी फुगा फुटला, आणि या सगळ्यात दारापाशी मोठ्या सिस्टरांना त्यांच्या मुलीने कोट घातला, एक बाही, दुसरी बाही, कुणी फुलं हातात दिली, कुणी गळ्यात पडलं, आणि दार बंद झालं.

नाचणाऱ्यांच्या लक्षातही आलं नाही. दारापाशी निरोप द्यायला गेलेलेही परत नाचायला आले. गाणंच तसं होतं.

डॉक्टर टेबलापाशी आले. चौथ्यांदा. या वेळी ते वाकले नाहीत, ओरडलेही नाहीत; नेमका दोन गाण्यांमधला तो उतार होता, म्हणून सूनबाईला उघड्या कानाने शब्दन् शब्द ऐकू आला.

"आजी, आता नका लावू."

"अहो, पुढचंच—"

"नको. ज्यांच्यासाठी मागितलं होतं त्या गेल्या."

सासूबाईंचा हात चष्म्याकडे निघाला होता, तो तिथेच थांबला.

"आम्ही बरीच वर्षं ऑपरेशनच्या टेबलाच्या दोन बाजूंना उभे होतो," डॉक्टर म्हणाले. "तोंडाला मास्क. मला वाटलं, ते गाणं लागलं की जाऊन म्हणावं, चला, एकदा मास्कशिवाय. तुम्ही लागेल म्हणालात म्हणून थांबलो. नाही म्हणाला असतात ना, तर गाण्याशिवायच गेलो असतो त्यांच्याकडे. एवढं काय, हॉल दहा पावलांचा."

"मला वाटलं..." सासूबाई म्हणाल्या.

"तुमचं चुकलं असं नाही. मी पण रोज सांगतो लोकांना, दुखणार नाही हं. फरक एवढाच, माझी माणसं झोपतात. मी जागा होतो."

ते गेले. लंगडत. बुटाने.

*

सूनबाईची बोटं चालू होती. बोटांना डोकं लागत नाही. पण डोकं मागे गेलं होतं, झपाझप, एकेका खोलीत दिवा लावत.

स्वयंपाकघर. "आई, त्याला घर मिळतंय म्हणे. जाऊया?" "जाऊ की." हातात काय होतं त्यांच्या? कुडत्याचं टोक.

गॅलरी, कपडे वाळत घालताना. "तळमजला आहे, तुमच्या गुडघ्यांना बरं." "हो ना, जाऊ की." चष्मा डोळ्यांवर नव्हता.

आज सकाळी, गाडीत, स्पीकर चढवून झाल्यावर. "आज त्याला कळवायचंय, आई." "कळव की, जाऊ." आणि काचेवर फुंकर. हाऽऽ. वाफ. मग पुसणं.

तिला वाटलं होतं, चष्मा मळलाय.

तिने स्वतः ठरवलेली खूण! महिनोन् महिने तिच्याच घरात तिच्याच तोंडाला पानं पुसली जात होती, आणि ती बघत होती, आणि म्हणत होती, चला, ठरत आलंय.

प्रत्येक डीजेकडे एक लांबलचक गाणं राखून ठेवलेलं असतं. पोटाची अडचण आली, वायर जळाली, की ते लावायचं आणि सुटायचं. सूनबाईने ते लावलं. हेडफोन उतरवला. टेबलाला वळसा घातला, आणि वर्षभरात पहिल्यांदा टेबलाच्या पुढच्या बाजूला आली. एक जाडसर गृहस्थ फोनमधलं गाणं दाखवायला उभे होते. ती त्यांच्या मागे उभी राहिली. त्यांचं झालं (नाकावर). मग ती पुढे झाली.

"आई, एक फर्माईश आहे."

"तू काय इथे? तिकडे कोण बघतंय?"

"लांबवालं लावलंय. ऐका. त्याने घर बघितलंय. आपण दोघींनी तिकडे राहायला जायचं. हो की नाही?"

"अगं, किती वेळा सांगू, जाऊ—" हात उठला.

"चष्म्याला हात लावायचा नाही."

हात हवेत राहिला. जाडसर गृहस्थ अजून तिथेच होते. त्यांनी दोघींकडे पाहिलं आणि शहाण्यासारखे केककडे वळले.

सासूबाईंनी चष्मा काढला, पण पुसला नाही. टेबलावर ठेवला, काचा वर करून. या खुणेला काही अर्थ ठरलेला नव्हता. चष्म्याशिवाय त्यांचा चेहरा लहान दिसायला लागला.

"नाही," त्या म्हणाल्या.

स्पीकरचा दणका मध्ये आला, म्हणून परत म्हणाल्या. "नाही यायचं मला."

"मग इतके महिने..."

"तूच शिकवलंस. कोणाला नाही म्हणायचं नाही."

"टेबलापाशी, आई! घरी नव्हे."

"घरी तर मुळीच म्हणवत नाही. इथला माणूस रागावला तर कार्यक्रम संपल्यावर जातो. घरातलं माणूस रागावलं तर ते कुठे जाणार, आणि मी कुठे जाणार?" त्यांनी डोळे चोळले. "तिकडे काय करू मी? खिडकीत बसून लिफ्टवाल्याची आई म्हणून म्हातारी होऊ? इथे मला लोक शोधत येतात. खोटं का होईना, माझ्यापाशी मागायला येतात."

"हे आधी सांगितलं असतं तर—"

"तर तू काय केलं असतंस? मला सोडून गेली असतीस? जा की. मी राहीन. शेजारीण आहे, हातपाय आहेत. तू तुझं सांग. तुला जायचंय?"

सूनबाईने तोंड उघडलं.

"बघू—" ती म्हणाली.

सासूबाई एकदम हसल्या. मोठ्याने, दात दाखवत. "अगं बाई! हिला तर पुसायला चष्मापण लागत नाही!"

फोन थरथरला.

*

जिन्यापाशी, हॉलच्या दाराबाहेर. दारामागे लांबवालं गाणं, नुसता ठोका उरलेला, भिंतीच्या पोटात काहीतरी धडधडावं तसा.

"सांग," नवरा म्हणाला. "मी लिफ्टच्या टपावर आहे, मला खाली उतरून घरमालकाला फोन करायचाय."

"नाही."

"आई नाही म्हणाली?"

पळवाट त्याने स्वतःच उघडून दिली होती. त्यात नुसतं पाऊल टाकायचं. हो रे, आई ऐकत नाहीत, मी तर कधीपासून तयार आहे. वर्षभर ती याच वाटेने ये-जा करत होती.

"आई नाहीच म्हणाल्या. पण मी माझं सांगतेय. मला नाही यायचं."

लोखंडाचा आवाज थांबला.

"कधीपासून?"

"माहीत नाही. मला आज कळलं."

"रोज म्हणायचीस, बोलते आईशी, बघते, होईल."

"हो. म्हणायचे."

"मी खिडक्यांची मापं घेतली," तो म्हणाला. "पडद्यांसाठी. टेप नव्हता, तर वायरीने मोजल्या. ती वायर अजून खिशात आहे, गाठ मारलेली."

तिला खूप काही बोलायचं होतं. त्यातलं काहीच त्या वायरीएवढं नव्हतं.

"मग आता आपलं काय?" तो म्हणाला.

बघू, हा शब्द जिभेवर आला. दाताखाली धरला तिने.

"तू परत येशील?"

त्याच्याकडे कुठेतरी वरच्या मजल्यावर लिफ्टचं बटण कोणी दाबत राहिलं होतं. टिंग, टिंग, टिंग, लिफ्ट बंद आहे हे त्या माणसाला कोणी सांगितलं नसावं.

"आत्ता नाही," तो म्हणाला.

"आत्ता नाही, की नाही?"

"नाही. मला हे काम आवडतं गं. अडकलेली माणसं बाहेर पडल्यावर जशी बघतात ना... नाही. मी नाही येणार."

पायाखालची जमीन सरकायला हवी होती. सूनबाईने खाली पाहिलं. फरशी होती तिथेच होती, फुग्याचा एक लाल तुकडा तिच्यावर चिकटलेला. सकाळपासून पहिल्यांदाच तिचे दोन्ही पाय जमिनीला लागले.

"रविवारी येतोस?" तिने विचारलं.

"येतो."

आणि थोड्या वेळाने, "जेवलीस का?"

"नाही," ती म्हणाली, आणि दारामागचं लांबवालं गाणं शेवटच्या वळणाला आलेलं ऐकून पळाली.

*

हॉलमध्ये ठोका विरत चालला होता. नाचणारे एकमेकांकडे बघायला लागले होते. सूनबाईने हेडफोन मानेत अडकवला, पुढचं गाणं आत सोडलं. हॉलभर हात वर गेले. बाटलीतलं पाणी परत थरथरायला लागलं.

टेबलापाशी एक तरुण परिचारक उभा होता. वाकून सांगत होता. सूनबाईने ओठांवरून वाचलं: काहीतरी शांत लावा ना आजी, पाय दुखले.

चष्मा टेबलावरच होता. सासूबाईंनी तो चाचपला, उचलला, डोळ्यांवर घातला, दोऱ्याची काडी कानामागे नीट बसवली.

"नाही," त्या म्हणाल्या. "आज शांत काही लागणार नाही. बसायचं तर बस."

परिचारकाने खांदे उडवले. "बरं," म्हणाला, आणि भिंतीलगतच्या खुर्चीत जाऊन बूट काढून बसला.

सासूबाई त्याच्याकडे बघत राहिल्या. मग वळल्या, आणि सूनबाईला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाल्या, "एवढंच असतं होय गं?"

सूनबाई आणि नवऱ्याची पहिली भेट एका मैत्रिणीच्या वाढदिवसाला झाली होती. तो कॉन्सोलमागे होता, हिने एक गाणं मागितलं, तो म्हणाला, "नाही, माझ्याकडे नाही," आणि ही केक खायला निघून गेली.